भाड्याची केणी आणि राहिलेला कोपरा

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले हे एवढे थोरले लोखंडी सूप कोणते धान्य पाखडत असेल, असा प्रश्न मला पाहून तुम्हाला पडला असेल. पडू द्या. मी आजवर ज्वारीचा एक दाणाही पाखडला नाही. मी फक्त माती उचलली. मी एक जुनी केणी आहे. बैलांनी ओढायची, उंच जागेची माती खरवडून खोल जागेत नेऊन टाकायची केणी. त्यातही भाड्याची. माझ्या आयुष्यातले बरेचसे सुख आणि जवळजवळ सगळे दुःख या एका शब्दातून आले आहे.

माझा जन्म अकोल्याचा. कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनातली पाण्याची टाकी मोडीत निघाली. तिचा जाड पत्रा एका लोहाराने उचलून आणला. त्याने मला खालून गोलाई दिली, दोन्ही बाजूंनी कान उभे केले आणि पुढच्या काठाला मोटारीच्या तुटक्या कमानीचे पाते ठोकून माझा ओठ केला. मागे बाभळीच्या दोन मुठी बसवल्या, पुढे दोन कड्यांत साखळी अडकवली. मग दोन पावले मागे सरून तो आपल्या भावाला म्हणाला, "पाह्य, आता हे डोंगर खाते का नाई!"

डोंगर काही मी खाल्ला नाही, पण टेकाडे बरीच खाल्ली. माझे काम सोपे आहे. बैल ओढतात. मागचा माणूस मुठी किंचित उचलतो, की माझा ओठ जमिनीत रुततो आणि माती आपोआप माझ्या पोटात सरकू लागते. पोट भरले की त्याने मुठी दाबायच्या. मग मी भरल्या पोटाने घसरत जाते. जिथे माती हवी तिथे मुठी एकदम वर उचलल्या, की मी पुढच्या पुढे कोलांटी घेते आणि सगळी माती ओतून मोकळी होते. दिवसातून शंभर वेळा कोलांटी घ्यायला मला कधी कंटाळा आला नाही.

हिवरखेडच्या नत्थुजी नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतले. स्वातंत्र्य मिळून तेव्हा चार वर्षे झाली होती. नत्थुजीच्या शेताला मधोमध फुगवटा होता. तो मी दोन उन्हाळ्यांत सपाट केला. ते पाहून शेजारचे मागायला येऊ लागले. नत्थुजी देऊ लागला. दिवसाला पायलीभर ज्वारी, एवढेच भाडे. आणि एक अट, जी तो प्रत्येकाला त्याच शब्दांत सांगायचा, "नेली तशी आना."

सगळे "हो, हो" म्हणायचे आणि कोणीही नेली तशी आणायचे नाही.

भाड्याच्या वस्तूला मालक एक असतो, हात शंभर असतात. त्या शंभर हातांना वाटते, हिची काळजी पुढचा घेईल. कोणी माझ्या ओठाने दगड उकरले. कोणी चिखलासकट परत आणून टाकले. तो चिखल वाळून माझ्या पोटाला असा चिकटला, की पुढच्याने तो कुदळीने फोडला आणि सोबत माझा पत्राही चेपला. एका घरी तर मला आठ दिवस उलटी घालून खाली कोंबड्या डालल्या. त्या घरच्या बाईचे म्हणणे, "भाडं दिलं हाय, वापरू नाई तं काय आरती करू?"

तिचेही खरेच होते म्हणा. आरती कोणी करावी अशी माझी इच्छा नव्हती. कोणी पुसावे, एवढीच होती.

सन एकोणीसशे एकोणसाठच्या वैशाखात जानराव मला न्यायला आला.

जानराव सडकेवर मैलकुली होता. हिवरखेडहून तेल्हाऱ्याकडे जाणाऱ्या सडकेचा एक तुकडा त्याच्याकडे होता. तिथले खड्डे बुजवायचे, कडेचे गवत काढायचे, पावसाने वाहून गेलेला मुरूम परत पसरायचा, हे त्याचे काम. अंगाने वाळकाच, पण पाठ ताठ. तीन वर्षांपूर्वी वस्तीतल्या सगळ्यांबरोबर तोही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्यानंतर जन्मलेल्या मुलाचे नाव त्याने धर्मपाल ठेवले होते. थोरली मुलगी शालू अकरा वर्षांची होती आणि पाचवीत शिकत होती.

त्यांची झोपडी नाल्याच्या कडेला होती. दर श्रावणात नाला घरात यायचा. भांडी तरंगायची, चूल विझायची. त्याचे कोणाला नवल नव्हते. पण आदल्या वर्षी शालूची सगळी पुस्तके भिजून त्यांचा लगदा झाला होता. ती रडली नाही. तिने तो लगदा उन्हात पसरला, एकेक पान सोडवले आणि ज्या पानांवरची अक्षरे उरली होती तेवढी सुतळीने शिवली. जानराव ते पाहत उभा राहिला होता. त्या दिवशी तो तिला म्हणाला होता, "पुढच्या पावसात तुह्या पुस्तकाले पानी लागनार नाई."

त्या वर्षी ग्रामपंचायतीने गावाच्या टोकाला सहा जणांना घरांसाठी जागा दिल्या होत्या. जागा नावावर झाल्या खऱ्या, पण त्या म्हणजे खड्डे होते. गावाने वर्षानुवर्षे भिंतींसाठी तिथली माती नेलेली. आधी भर घालून जोते उंच करायचे, मगच घर. तेही मृग नक्षत्राच्या आत. जानरावने सडकेच्या कामातून चार दिवसांची रजा काढली आणि मला चार दिवसांसाठी मागितले. त्याच्यानंतर दोन दिवस मला शेजारच्या जागेचा देवमन नेणार होता. देवमन लोकांची शेती बटईने करायचा. त्याच्याकडे लाख्या आणि चांद्या अशी बैलजोडी होती. ती त्याने जानरावला दिली होती आणि स्वतःही हाकायला आला होता.

"नेली तशी आना," नत्थुजी म्हणाला.

"नेली त्याच्यापरीस चांगली आनतो," जानराव म्हणाला.

नत्थुजी हसला. असे बोलणारेही त्याने पाहिले होते.

पहिल्या दिवशी सकाळी देवमनने विचारले, "माती कुठची घ्याची?"

वस्तीमागे दोनशे पावलांवर मुरमाचे टेकाड होते. आणि जागेला लागूनच नाल्याच्या काठी पुराने आणून साचवलेली काळी माती होती. पेढ्यासारखी मऊ, भुसभुशीत. जानराव दोन्हीकडे पाहून नाल्याकडे चालू लागला.

"हे जवळ हाय म्हनून घेऊन राह्यला का?" देवमनने विचारले.

जानराव खाली बसला. त्याने मूठभर काळी उचलली, बोटांनी चुरली आणि म्हणाला, "माह्या बापानं लोकाच्या काळीत जलम काढला. त्याच्या बापानंबी. आपल्या नावावर काळी कधी नव्हती. शेत तं काही होत नाई, देवमन. घराखाली तरी असू दे."

देवमनने बैल नाल्याकडे वळवले. चतुराबाई, म्हणजे जानरावची बायको, धर्मपालला निंबाच्या फांदीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपवत होती. तिच्याही मनात तेच असावे.

मी काम सुरू केले. मित्रांनो, खरे सांगते, तसली माती मी त्याआधी उचलली नव्हती. ओठ लावायचा अवकाश, की लोण्यासारखी आत यायची. दोन दिवसांत बराचसा खड्डा भरला. परतीच्या रिकाम्या फेरीला शालू माझ्या पोटात येऊन बसायची आणि दोन्ही कान घट्ट धरायची. देवमन ओरडायचा, "हटा बे, हटा! हिवरखेडच्या रानीसाहेबाची सवारी येऊन राह्यली!" लाख्या तेवढ्यापुरता ऐटीत चालायचा. चांद्याला असल्या गोष्टींत रस नव्हता.

आणि दिवस मावळायच्या आत, काम थांबले की, जानराव मला नाल्यावर न्यायचा. आधी लाकडाच्या ढलपीने माती खरवडायचा, मग ओल्या चिंधीने पुसायचा, मग कोरड्या. शेवटी चतुराबाईने दिलेले चमचाभर जवसाचे तेल माझ्या ओठावर आणि मुठींवर चोळायचा. आठ वर्षांत मला तेल लागलेले नव्हते. पहिल्या दिवशी तर मला ते काय आहे हेच कळले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर नत्थुजी आपली वस्तू कशी आहे ते पाहायला आला. माझ्या ओठावरून त्याने बोट फिरवले, बोटाकडे पाहिले, मान डोलावली. मग त्याची नजर भरीकडे गेली.

"जानराव," तो म्हणाला, "घर बांधून राह्यला का पऱ्हाटी पेरून राह्यला?"

देवमनला हसू आले. जानरावला आले नाही.

नत्थुजीने त्याला हाताने खुणावले आणि शेजारच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेले. वैशाखाच्या उन्हाने तिथली काळी तडकली होती. नत्थुजीने आपली काठी एका भेगेत सोडली. काठी हातभर आत गेली आणि तशीच उभी राहिली.

"उन्हाळ्यात हे अशी फाटते, पावसाळ्यात भाकरीसारखी फुगते. हिच्यावर भीत उभी करशीन?"

जानराव त्या उभ्या काठीकडे पाहू लागला.

"सडकीवर काळी टाकते का तू?"

"नाई."

"काहून?"

"सडक फाटते."

"मंग?"

जानरावने पायाने एक ढेकूळ भेगेत ढकलले. त्याला ठाऊक होते. ज्याने बारा वर्षे काळ्या मातीवरची सडक दर उन्हाळ्यात फाटताना पाहिली आणि दर उन्हाळ्यात मुरमाने सांधली, त्याला हे दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. ठाऊक असूनही त्याने दोन दिवस घालवले होते. नत्थुजीलाही ते कळले असावे. काठी उपटून घेऊन तो निघून गेला.

जानराव भरीच्या काठावर बसला. रजेचे दोन दिवस उरले होते, माझेही दोनच. एवढी काळी उपसायला एक दिवस गेला असता. एका दिवसात दोनशे पावलांवरून मुरूम आणून खड्डा भरणे देवाच्या बैलांनाही जमले नसते. आणि देवमननंतर मी आणखी कुठे कुठे जायची होते. पाऊस पडेपर्यंत माझे सगळे दिवस बोललेले होते.

देवमन त्याच्या शेजारी बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "एक बोलू? सडकीच्या कडीले सरकारी मुरमाचे ढीग पडले हायेत. तुह्याच ताब्यात हायेत. पाच-सहा गाड्या आनल्या तं कोनाले समजते?"

"मले समजते," जानराव म्हणाला.

"अबे, दरसाल अर्धा मुरूम तं पानीच वाहून नेते."

"पान्याले नोकरी नाई." जानराव उठला. "तो सडकीचा हाय, देवमन. सडक माही नाई, मी सडकीचा हाओ."

शालू जवळच उभी होती. तिने सगळे ऐकले होते. पुस्तकांबद्दल तिने चकार शब्द काढला नाही. जानरावने तिच्याकडे पाहायचे टाळले, हे मात्र मी पाहिले.

तेव्हा चतुराबाई पुढे आली. तिने पदर खोचला आणि देवमनकडे वळून विचारले, "भाऊजी, तुमी तुमच्या जाग्यात कोनती माती घालनार होते?"

देवमनने डोके खाजवले. "हेच. नाल्याची. जानराव घालून राह्यला म्हनलं तं..."

"अन् त्या बाकीच्या चार घरचे?"

"त्याइनंबी हेच ठरवलं होतं. जवळ हाय, मऊ हाय."

"म्हनजे साही घरं फाटली असती," चतुराबाई म्हणाली. "आमच्या मानसानं पयले चूक केली म्हनून पाच घरं वाचली. त्याचं काही मोल हाय का नाई?"

देवमन मांडीवर थाप मारून हसला. "वयनी, तुमी वकील काहून नाई झाल्या? घ्या, माहे दोन दिवस घ्या. मी आखरीले नेईन केनी."

"आन तुह्या भरीले कोन येईन?" जानरावने खालच्या आवाजात विचारले.

"तू येशीन, लेका. तुले कोन सोडते!"

असे माझे दोन दिवस या घरचे त्या घरी गेले. नत्थुजीला निरोप पाठवला. त्याचे उत्तर आले, "पाळी तुमची, तुमी पाहा. केनी कोरडी ठेवा म्हना."

तिसऱ्या दिवशी आम्ही काळी उपसली. जानराव ती परत नाल्यावर टाकायला निघाला, तर चतुराबाई आडवी आली. "फेकता काहून? घराखाली चालत नाई, घरामागं तं चालते! परसात टाका. मी भेंडी लावीन, वाल लावीन, कोहळ्याचा वेल सोडीन. तुमच्या बापाच्या नावानं एवढं तरी वावर असू द्या."

जानराव तिच्याकडे पाहून पहिल्यांदा हसला. मग ती सगळी काळी मी घरामागे नेऊन पसरली. असेल दहा हात रुंद आणि पंधरा हात लांब. पण जानराव तिच्याभोवती दगड लावून धुरा घालू लागला, तेव्हा त्याचा चेहरा असा होता, की शंभर एकरांच्या धन्याचाही मी तसा पाहिलेला नाही.

चौथ्या दिवसापासून मुरूम. मुरूम म्हणजे लोणी नव्हे. माझा ओठ खणाणायचा, साखळी ताणली जायची, बैलांच्या तोंडाला फेस यायचा. एका दिवसात जेमतेम तिसरा हिस्सा भरला. आणि जानरावची रजा संपली. पाचव्या दिवशी उजाडताच तो सडकेवर गेला. आता माझ्या मुठी कोणी धरायच्या?

चतुराबाईने धरल्या.

टेकाडाजवळून जाणारे दोघे-तिघे थांबले. त्यांतला एक म्हणाला, "बाप्पा बाप्पा! बाईच्या हाती केनी!"

"मंग काय केनीच्या हाती बाई देऊ?" चतुराबाई म्हणाली. "बघत उभे राह्यले, त्याच्यापरीस टोपली घ्या अन् मुरूम पसरा."

पहिल्या दोन फेऱ्यांत मी तिला हिसके दिले. तिसऱ्या फेरीला तिने मला ओळखले. खरे सांगायचे तर तिचा हात जानरावपेक्षा हलका होता. ओठ किती रुतवायचा याचा तिला नेमका अंदाज होता. भाकरी थापणारा हात तो. मुरमाचा पातळ थर ती असा काही सोलून काढायची, की बैलांनाही जड जायचे नाही. देवमनने तसे बोलूनही दाखवले, तर ती म्हणाली, "हे त्याइले सांगजा. मी सांगतलं तं पटनार नाई."

दुपार कलल्यावर जानराव सडकेवरून परस्पर इथेच यायचा आणि धुम्मस घेऊन मुरूम ठोकायचा. शालू वर पाणी शिंपडायची. सडक कशी ठोकतात ते त्याने तिला दाखवले. एकाच जागी जोराने नाही. बेताने, सरकत सरकत, काठापासून मध्याकडे.

सहाव्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत जोते रस्त्यापेक्षा गुडघाभर वर आले. फक्त पुढच्या अंगणाचा एक कोपरा राहिला. तिथे भर घालायला दिवस उरला नाही.

"तो पुढच्या वर्षी," जानराव म्हणाला.

मला परत देताना त्याने नेहमीप्रमाणे खरवडले, पुसले, तेल लावले. चेपलेला पत्रा आतून लाकूड धरून ठोकून सरळ केला. एका मुठीची खीळ ढिली झाली होती, तीही बसवली. नत्थुजीने मला फिरवून फिरवून पाहिले.

"तुले म्हनलं होतं, नेली तशी आन," तो म्हणाला. "हे तं तू दुसरीच आनली."

त्या वर्षी मृगाच्या आत तिथे झोपडी उभी राहिली. दोन वर्षांनी मातीच्या भिंती आणि वर टीन. श्रावणात नाला आला, जोत्याच्या पायथ्यापर्यंत येऊन वळला आणि निघून गेला. शालूची पुस्तके भिंतीतल्या कोनाड्यात, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, कोरडी राहिली. मी हे पाहिले नाही; देवमन मला न्यायला यायचा तेव्हा नत्थुजीला सांगायचा, ते मी ऐकले. आपल्या सहाही घरांचे जोते मुरमाचे आहे, हे तो दर वेळी सांगायचा. आणि परसातल्या काळीत दोन हातांवर धरावे लागेल एवढे कोहळे आले, हेही.

तो राहिलेला कोपरा मात्र राहिला. दर उन्हाळ्यात जानराव भेटला की म्हणायचा, "नत्थुजी, एक दिवस केनी पाह्यजे. कोपरा राह्यला." आणि दर उन्हाळ्यात काही ना काही निघायचे. कधी सडकेचे काम, कधी दुसऱ्या कोणाची भर, जिथे तो रजा टाकून मदतीला जायचा. लोकांच्या जागा भरता भरता आपला कोपरा विसरणारी माणसे असतात.

माझे दिवसही पालटले. अकोटहून भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला. त्याच्या पुढे रुंद लोखंडी फळी असते आणि माझे दिवसभराचे काम तो तासाभरात करतो. मला त्याचा राग नाही. तोही भाड्याचाच. त्याच्याही पोटावर चिखल वाळलेला मी पाहिला आहे. मी गोठ्याच्या भिंतीला टेकून राहू लागले. ओठावर गंज चढला. एका पावसाळ्यात चिमणीने माझ्यामागे घरटे केले. त्याचे बरे वाटले.

गेल्या पौषात जानराव गेला. तीन दिवस ताप होता, एवढेच मी ऐकले. नत्थुजी तिकडे जाऊन आला आणि बराच वेळ गोठ्यात बसला. मग कोणाला उद्देशून न बोलता म्हणाला, "भितीले एक भेग नाई. मी मुद्दाम पाह्यलं."

या वैशाखात एका सकाळी पांढऱ्या लुगड्यातली, हातात कापडी पिशवी घेतलेली एक बाई दारात आली. नत्थुजीला आता लांबचे नीट दिसत नाही.

"कोन हाय वो?"

"मी शालू. जानरावची."

"अमरावतीच्या शाळेतली मास्तरीन! ये माय, ये. बस."

ती बसली नाही. म्हणाली, "काका, एक दिवस केणी पाहिजे. अंगणातला कोपरा राहिला आहे."

नत्थुजीने भिंतीकडे, माझ्याकडे मान वळवली. "ट्रॅक्टर बोलाव ना, पोरी. घडीभराचं काम. हे म्हातारी झाली आता. माह्यासारखी."

"नाही काका. केणीच द्या."

"तं घेऊन जा. भाडं नको."

"भाड्यानंच द्या," ती म्हणाली. "बा भाड्यानंच नेत होता." आणि तिने पिशवीतून पायलीभर ज्वारी काढून दाराशी ठेवलेल्या सुपात ओतली.

देवमन आला. लाख्या आणि चांद्या आता नाहीत. बैल नवे, देवमनही केस पिकलेला. टेकाड मात्र तिथेच होते, थोडे खंगलेले. दहा वर्षांनी मी पुन्हा त्याच दोनशे पावलांवरून घसरत गेले. मुठी शालूने धरल्या. तिला सवय नव्हती, तळहातांना फोड आले. चतुराबाई दारात बसून पाहत होती. शेवटी तिला राहवले नाही.

"मुठी येवढ्या काहून उचलते? बेतानं. भाकर उलटवते का पोळी?"

"माय, तू गप्प बस."

"गप्प काहून बसू? या केनीले तुह्या बापापरीस मी जास्त ओळखते."

देवमन हसला. शालूही हसली, चतुराबाईही. त्या घरात पौषानंतर कोणी असे हसले नसावे, कारण हसून झाल्यावर तिघेही थोडे दचकले आणि मग आपापल्या कामाला लागले.

सातव्या की आठव्या रिकाम्या फेरीला देवमनने बैल थांबवले.

"बसा, रानीसाहेब."

"काका, काहीतरीच काय. लोक पाहतील."

"पाहू दे ना, माय. बैल काही म्हनून राह्यले का?"

तिने इकडेतिकडे पाहिले. मग अमरावतीच्या शाळेतली शिक्षिका पदर आवरून माझ्या पोटात बसली आणि तिने दोन्ही कान घट्ट धरले. टेकाडापर्यंत मी शक्य तेवढी हळू घसरले.

दिवस मावळायच्या आत कोपरा भरला. चतुराबाईने धुम्मस काढून दिला. शालूने मुरूम ठोकला. एकाच जागी जोराने नाही. बेताने, सरकत सरकत, काठापासून मध्याकडे.

मग तिने मला नाल्यावर नेले. ढलपीने माती काढली. इतक्या वर्षांचा गंज विटेच्या तुकड्याने घासला. ओल्या चिंधीने पुसले, मग कोरड्या. चतुराबाईने न सांगता वाटीत जवसाचे तेल आणून ठेवले. शालूने ते माझ्या ओठावर चोळले, मग मुठींवर. मुठींवर तिचे हात बराच वेळ राहिले. बाभळीच्या लाकडात धरणाऱ्याच्या बोटांची जागा पडते, मित्रांनो. तिची बोटे तिथे नेमकी बसली.

ती मला परत घेऊन आली तेव्हा ऊन अजून गोठ्याच्या दारात होते. नत्थुजीने डोळे बारीक केले, पण डोळ्यांनी त्याचे भागले नाही. त्याने हात पुढे केला आणि माझ्या ओठावरून बोट फिरवले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"जानरावनं आनून देल्ली वाटते," तो म्हणाला.

मित्रांनो, आता मी पुन्हा भिंतीला टेकून आहे. कदाचित पुन्हा कोणी न्यायला येणार नाही आणि त्याची मला खंत नाही. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणे आहे. आपली म्हणून जी वस्तू असते तिला कोणीही जपतो. जी चार दिवसांसाठी हाती येते, मग ती शाळेचे पुस्तक असो, शेजारचा पोहरा असो की माझ्यासारखी केणी असो, तिला परत देण्याआधी एकदा पुसा. मिळाली होती त्याहून थोडी चांगली करून द्या. जोत्यावर उभ्या असलेल्या त्या सहा घरांतली माणसे तसेच करतात. तिथून आलेली कोणतीही वस्तू हाताला जरा तेलकट लागते, असे हिवरखेडची माणसे सांगतात.